बाळाला घेऊन सायकल? पुण्यात?

दिवाळी झाली, हवेत गारवा आलाय. लेक १४ महिन्यांची. तिला मागच्या सीटवर बसवून, हेल्मेट घालून खडकवासल्यापर्यंत जावं म्हणतो. (वर्षाच्या आत नकोच, मान सावरत नाही.) लोक म्हणतात, "वेडा आहेस का?" अहो, वेडेपणा सायकलीत नाही, रस्त्यात आहे. हे एकेकाळचं सायकलींचं शहर. २०१७ मध्ये सायकल आराखडाही मंजूर झाला. प्रत्यक्षात? ट्रॅकवर कुठे टपरी, कुठे लावलेल्या दुचाक्या, उखडलेले पेव्हर ब्लॉक. आणि चौक आला की, म्हणजे नेमका जिथे धोका, तिथेच ट्रॅक गायब! नवे ट्रॅक नकोत. आहेत ते आधी चौकातून जोडा, मोकळे ठेवा. मत मागायला येईल त्याला विचारणार आहे, नातवाला घेऊन चालवून दाखवता का?