लेखी करार नाही म्हणून डिपॉझिट सोडून देऊ नका

जालन्यात एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत कामाला येणारे कामगार, अंबड, भोकरदन, मंठा, परतूरहून शिकायला येणारी आपली मुले-मुली, यांतले कितीतरी जण तोंडी बोलीवर खोली घेतात. डिपॉझिट रोख देतात, पावती मागत नाहीत. खोली सोडताना मात्र रंगाचा खर्च, फुटलेली फरशी, महिनाभर आधी सांगितले नाही अशी कारणे निघतात आणि पैसे अडकतात. वर उत्तर मिळते, ‘करार कुठे आहे, दाखव.’

आपल्या तरुणांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. 1917 साली बडोद्यात नोकरीला गेलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही; पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले. आजही आडनाव ऐकून ‘खोली रिकामी नाही’ असे सांगणारे आहेत. त्यामुळे मिळालेली खोली हातची जाऊ नये म्हणून आपण कागद मागतच नाही. या भीतीचाच फायदा घेतला जातो.

पण कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती पाळली नाही तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे असल्याचे घरमालकाने सिद्ध करायचे असते. म्हणजे ‘करार कुठे आहे?’ हा प्रश्न खरे तर आपण विचारायचा आहे. याच कायद्याच्या कलम 26 प्रमाणे घेतलेल्या रकमेची पावती देणेही घरमालकावर बंधनकारक आहे.

केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही. त्यामुळे सध्या आधार 1999 च्या कायद्याचाच.

तरीही पैसे दिल्याचा पुरावा लागतोच. डिपॉझिट फोनपेवर किंवा बँकेतून द्या. रोखच द्यावे लागले तर रक्कम आणि तारीख लिहून घरमालकाला व्हॉट्सॲप करा. खोली घेताना आणि सोडताना भिंती, फरशी, नळ, वीज मीटरचे फोटो काढा. थकलेले भाडे, वीजबिल आपल्याकडे निघत असेल तर ते प्रामाणिकपणे वजा करू द्या. बाकी रक्कम लेखी मागा.

तरी पैसे मिळाले नाहीत तर जालना जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 पासून अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धांनाही हा दर्जा आहे; जातीचा दाखला सोबत ठेवा. दावा न लावताही लोकअदालतीत तडजोड होऊ शकते आणि तिथला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. पैसे वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहू नका.

आमचे कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. एकटा विद्यार्थी घरमालकापुढे बोलायला कचरतो. विहारात आठवड्यातून एक तास बसून त्याचा अर्ज लिहून दिला, सोबत चार जण गेले, तर कित्येक वाद तिथेच मिटतील. कष्टाचे पाच-दहा हजार परत मिळणे ही आपल्या घरात लहान गोष्ट नाही.