सेवेचे तास आणि चौथे शील

अमेरिकेत पदवीला प्रवेश घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप’ अर्जात जास्तीत जास्त 10 उपक्रम लिहिता येतात. प्रत्येकापुढे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे भरायचे असतात. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरावे लागतात. आकडा मागितला की तो फुगवण्याचा मोहही होतोच.

वस्तीत काम करताना आम्हाला खटकते ते वेगळेच. ज्याला ओळखीतून संस्थेचे लेटरहेड मिळते, त्याचे 20 तासांचे 200 होतात. विहाराच्या अभ्यासिकेत रोज लहानांना शिकवणारी मुलगी मात्र ‘हे काय लिहायचं?’ म्हणून रकाना रिकामा सोडते. खोटा आकडा तिचीच जागा खातो.

म्हणून 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर एकच दिवस पाणीवाटप केले असेल, तर एकच दिवस लिहा. अभ्यासिकेचे तास मात्र आजपासून तारखेसह वहीत टिपा आणि महिनाअखेरीस जबाबदार व्यक्तीची सही घ्या. चौथे शील आपल्याला खोट्यापासून दूर ठेवते. पण खऱ्या कामाची लाज बाळगायला ते सांगत नाही.