बाळाच्या फोटोत ताई-दादा हवेतच!

काय दोस्तांनो, घरात नवं बाळ आलंय? मग बारशाला फोटोंची धांदल असणारच! सगळे बाळाभोवती आणि ताई-दादा कोपऱ्यात रुसलेले, असं मात्र व्हायला नको.

अरे, तुम्ही बाळाला परके नाही. आईच्या पोटात असताना, शेवटच्या महिन्यांत, त्याच्या कानावर तुमचा आवाज पडलाय! नजर मात्र अजून कच्ची. २० ते ३० सेंटिमीटरवरचंच त्याला जरा स्पष्ट दिसतं. म्हणून चेहरा जवळ न्या, हळूच बोला.

फोटोआधी हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर थोडे दिवस थांबा. बाळाला मान सावरता येत नाही, तेव्हा उभ्यानं घेऊ नका. सतरंजीवर मांडी घालून बसा, मांडीवर उशी घ्या. मोठ्या माणसानं मानेखाली हात धरावा. भीती वाटते? मग नुसतं बोट बाळाच्या तळहातावर टेकवा. ते आपोआप मूठ आवळतं. तोच फोटो टिपा!

आईबाबांनो, ‘नीट बस, हस की!’ असा तगादा नको. पहिला फोटो मोठ्या लेकराचा एकट्याचा काढा. घरातली आपली जागा शाबूत आहे, हे त्याला एवढ्यानंही उमगतं.