बोटे आखडतात, त्याचे मूळ कुठे?

चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडी आहे. तिथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या भट्ट्या आहेत आणि कामासाठी देशभरातून माणसे येतात. अशा कष्टकरी घरात सकाळी बोटे आखडली, मनगट सुजले, की सगळे म्हणतात, "कामाचा शीण आहे." कधी तो शीणच असतो. कधी मात्र तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असतो. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते.

"आईला होता, म्हणून मला झाला," एवढ्यावर हिशेब संपत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला होण्याचे प्रमाण साधारण १५ टक्केच आहे. म्हणजे बाहेरचेही काही कारणीभूत असते.

पहिले कारण धूळ. १९५३ मध्ये वेल्समधील डॉ. अँथनी कॅपलन यांना आमवात असलेल्या कोळसा खाणकामगारांच्या छातीच्या एक्स-रेत वेगळ्याच गाठी दिसल्या. पुढे दगड फोडणे, ओतकाम अशा कामांतील सिलिकाच्या धुळीशीही या आजाराचा संबंध आढळला. दुसरे कारण विडी-सिगारेटचा धूर. मुळात आनुवंशिक कल असेल, तर धुराने धोका आणखी वाढतो.

तिसरा संशय जंतूंवर आहे. हिरड्यांच्या आजारातील एक जंतू शरीरातील प्रथिनांचे रूप बदलतो. मग शरीर त्यांना परके समजू लागते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्या रुग्णांच्या आतड्यांत एका विशिष्ट जंतूची गर्दी आढळली. जंतूच मूळ कारण आहे, हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही. आमवात संसर्गजन्य नाही, त्यामुळे रुग्णाला दूर ठेवू नका.

आपल्या हाती काय? धुळीच्या कामात योग्य मास्क वापरा, विडी-सिगारेट सोडा. मिश्रीनेही हिरड्या खराब होतात, तीही सोडा. रात्री झोपताना दात घासा.

आणि सर्वांत महत्त्वाचे: सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकत असेल, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील आणि असे काही आठवडे चालले असेल, तर नुसते तेल चोळत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. रक्ताची 'अँटी-सीसीपी' तपासणी निदानाला मदत करते. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले, तर सांधे वाकडे होण्यापासून बरेचदा वाचवता येतात.