बर्फात काळे पडणारे चेहरे

थंडीत गुलमर्गला जायचं ठरलं की घरात एक वाद हमखास होतो. कपाटातला छोटा कॅमेरा बरोबर घ्यायचा, की हातातला मोबाईल पुरे? एका वाचक भगिनीने हाच प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा तिथे स्कीइंग शिकणार आहे, आणि त्या स्वतः बाजूला उभ्या राहून बघणार आहेत. त्यांना माझं उत्तर असं, की कॅमेरा घरात असेल तर जरूर न्या. नसेल तर केवळ या सहलीसाठी कर्ज काढल्यासारखा खर्च करू नका. पण जे काही न्याल ते वापरायला घरीच शिका, आणि शिकायचं ते तुम्ही, कारण फोटो तुम्हीच काढणार आहात.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं. आपल्याकडे कॅमेरा घरातल्या पुरुषाच्या गळ्यात असतो, आणि बर्फावर नेमका तोच माणूस मुलाबरोबर स्कीवर चढलेला असतो. स्की घातलेल्या नवशिक्याच्या दोन्ही हातांत काठ्या असतात. तो कॅमेरा धरणार कसा? धरला तरी लक्ष स्क्रीनकडे आणि पाय भलतीकडे. तिथे कॅमेरा उभ्या असलेल्या माणसाच्याच हातात शोभतो, म्हणजे बहुतेक वेळा अम्मीच्या नाहीतर दादीच्या.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गोंडोला, म्हणजे तारेवरून जाणारा पाळणा, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवतच्या अंगावर जवळजवळ ३,९५० मीटरपर्यंत नेतो. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. वरचे उतार पक्क्या स्कीपटूंसाठी. शिकणारी मुलं खालच्या सौम्य उतारांवरच असतात, आणि आई तिथे आरामात उभी राहू शकते. अडचण एवढीच, की मूल शंभर-दीडशे पावलं वर गेलं की ठिपक्याएवढं दिसतं. मोबाईलवर बोटांनी चित्र मोठं करत गेलं तर थोड्या वेळाने चेहरा फुटायला लागतो. छोट्या कॅमेऱ्यात भिंगच पुढे सरकतं, त्यामुळे लांबचा माणूस खरोखर जवळ येतो. काही खिशातल्या कॅमेऱ्यांत ३० पट, ४० पट झूम मिळतो. शिवाय हातमोजे घालून कॅमेऱ्याचं बटण दाबता येतं, पण मोबाईलची काच साध्या हातमोज्याला दाद देत नाही. आणि मोबाईल थंडीत बंद पडला तर फोटोबरोबर फोनही गेला. अनोळखी डोंगरावर ते परवडत नाही.

आता चेहऱ्यांची गोष्ट. माझा धाकटा भाऊ कुटुंबासह गुलमर्गला जाऊन आला. फोटो दोनेकशे. बर्फ राखाडी, आकाश मळकट आणि माणसं कोळशासारखी. माझी भाची एक फोटो पुढे करून म्हणाली, "फुफी, हा माझा फोटो आहे की माझ्या सावलीचा?" भावाने दोष कॅमेऱ्याला दिला. भावजयीने हळूच माझ्याकडे पाहिलं, कारण तिला वाटत होतं की दोष तिच्या रंगाचा आहे. दोष दोघांचाही नव्हता.

आम्हा शिक्षकांत एखादा परीक्षक असतो, ज्याला वाटतं वर्गाची सरासरी पन्नासच आली पाहिजे. वर्ग हुशार निघाला तरी तो सगळ्यांचे गुण खाली ओढतो. कॅमेरा अगदी तसाच वागतो. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. आपल्या गल्लीत, बाजारात, आंब्याच्या बागेत हा अंदाज बरोबर येतो. पण ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडापैकी ८० ते ९० टक्के परत फेकतो. कॅमेऱ्याला वाटतं, उजेड फारच झाला. तो सगळंच अंधारं करतो. पांढरा बर्फ करडा होतो, आणि आपले गव्हाळ-सावळे चेहरे, जे आधीच बर्फापेक्षा कितीतरी गडद, ते काळेठिक्कर पडतात.

उपाय सोपा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उण्याची खूण असलेलं बटण किंवा चाक असतं. ते +१ वर न्या. कडक ऊन असेल आणि चौकटीत बर्फच बर्फ असेल तर आणखी थोडं पुढे, +१.७ पर्यंत. कॅमेऱ्याला आपण सांगत असतो, की बाबा, हा वर्ग खरंच हुशार आहे, गुण कापू नकोस. जास्त झालं का हे कसं ओळखायचं? काढलेल्या फोटोत बर्फावरच्या स्कीच्या रेघा दिसत असतील तर ठीक. त्या पुसल्या जाऊन सगळं कोरं पांढरं झालं असेल तर अर्धी पायरी मागे या. उन्हात स्क्रीन दिसत नाही, म्हणून सूर्याकडे पाठ करून आपल्या सावलीत बघा. चहाला आत गेलात की चाक शून्यावर आणा. काही कॅमेऱ्यांत 'स्नो' नावाचा तयार पर्यायच असतो, तोही हेच करतो. मोबाईलवाल्यांनी चेहऱ्यावर बोट टेकवावं, बाजूला सूर्याचं चिन्ह आलं तर ते वर सरकवावं.

माणूस दोन-तीन मीटरवर असेल आणि सूर्य त्याच्या पाठीमागे असेल तर भर दुपारीसुद्धा फ्लॅश लावा, चेहरा उजळतो. मात्र बर्फ पडत असताना लावू नका. जवळचे कण चमकतात आणि फोटोभर पांढरे गोळे येतात.

मोबाईलमधल्या चेहरा गोरा करणाऱ्या बटणाबद्दलही एक सांगते. काळा पडलेला चेहरा त्याने दुरुस्त होत नाही, दुसऱ्याच कुणाचा होतो. भाचीच्या एका फोटोवर कुणीतरी ते चालवलं होतं. नाकावरचे थंडीने आलेले लाल डाग गेले, गालावरचा तीळ गेला आणि पोरगी पिठाच्या बाहुलीसारखी दिसायला लागली. उजेड नीट मोजला तर सावळा चेहरा बर्फापुढे इतका छान दिसतो की काही पुसावं लागत नाही. त्याच सहलीतले दोन-तीन फोटो भावजयीने चुकून लाकडी झोपडीसमोर काढले होते. मागे बर्फ कमी, त्यामुळे कॅमेऱ्याचा हिशेब बरोबर आला. तेच आता घरात फ्रेममध्ये आहेत.

फोटोपेक्षा जास्त उपयोग मात्र व्हिडिओचा. शिकवणारा उस्ताद दिवसभर सांगतो, गुडघे वाकव, वजन पुढे टाक, खाली पायांकडे बघू नकोस. मुलाला वाटतं, मी तेच तर करतोय! संध्याकाळी स्वतःचा व्हिडिओ पाहिला की त्याला दिसतं, कंबर मागे आहे आणि गुडघे काठीसारखे ताठ. वर्गात मी पाठांतराचं रेकॉर्डिंग मुलांना ऐकवते तेव्हा हेच होतं. स्वतःची चूक स्वतःला दिसली की ओरडावं लागत नाही. त्या डोंगरात शिकूनच मोहम्मद आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला गेले. त्या वेळी भारताकडून ते एकटेच खेळाडू होते. त्यांच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचं दुकान होतं. आपलं मूल तिथवर जावं असं नाही, पण गुडघे वाकवायला तरी शिकावं.

असा व्हिडिओ काढायचा तर उताराच्या खाली, वाटेच्या बाजूला उभ्या राहा. वाटेच्या मधोमध नव्हे, कारण नवशिक्याला वळता येत नाही आणि थांबताही येत नाही. कॅमेरा आडवा धरा. पाय जरा फाकून रोवा, कोपरं अंगाशी घ्या. मूल निघण्याआधीच झूम ठरवा आणि चालू व्हिडिओत पुढे-मागे करू नका. मुलाच्या पुढे थोडी मोकळी जागा ठेवून त्याच्याबरोबर कमरेतून सावकाश वळा. कॅमेऱ्यात सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेमची सोय असेल तर ती निवडा. मग तोच व्हिडिओ अर्ध्या वेगाने नीट बघता येतो. एक घसरण, एक तुकडा. वीस मिनिटांचा सलग व्हिडिओ कुणीच पाहत नाही, काढणारासुद्धा नाही. फोटोच हवा असेल तर 'स्पोर्ट्स' पर्याय लावा. कोऱ्या बर्फावर कॅमेऱ्याला नेम धरता येत नाही, तेव्हा मुलाच्या जॅकेटवर नेम धरून बटण अर्धं दाबून ठेवा. लाल, नारिंगी, पिवळं जॅकेट इथे फार कामाला येतं. पांढरं जॅकेट घेऊच नका. फोटोत तर सोडाच, उतारावरही पोर सापडत नाही.

बॅटरीचं गणित थंडीत बदलतं. घरी दिवसभर चालणारी बॅटरी तिथे दोन तासांत संपल्याचं दाखवते. खरं तर ती संपलेली नसते, गारठलेली असते. आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवली की पुन्हा थोडी चालते. म्हणून दुसरी बॅटरी हवीच, आणि ती आतल्या खिशात. दोन्ही आलटून पालटून वापराव्यात. काश्मिरी लोक फिरनच्या आत कांगडी घेऊन बसतात, ते पाहून कुणाला बॅटरी कांगडीवर किंवा हीटरवर शेकण्याची हुक्की येईल. कृपा करून असं करू नका, ती पेट घेऊ शकते. विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्या लागतात, सामानात टाकता येत नाहीत.

कॅमेऱ्याचा गळ्यातला लांब पट्टा आणि ओढणीची किंवा स्कार्फची लोंबती टोकं, दोन्ही लिफ्टमध्ये अडकू शकतात. ही गोष्ट फोटोपेक्षा महत्त्वाची. पट्टा जॅकेटच्या आत, नाहीतर मनगटात अडकवायची छोटी दोरी. हेल्मेटखाली अंगाबरोबर बसणारी टोपी किंवा हिजाब घ्यावा, म्हणजे काही लोंबत राहणार नाही. स्कीवर असलेल्याने कॅमेरा छातीवरच्या खिशात ठेवू नये. तोंडावर पडलं तर तो बरगडीत रुततो.

नवीन घ्यायचाच असेल तर झूम हवा की टणकपणा, हे आधी ठरवा. साध्या छोट्या कॅमेऱ्याचं भिंग बाहेर येतं आणि त्याच्या फटीत बर्फ शिरतो. ऑलिंपसच्या 'टफ' टीजी-६ सारख्या कॅमेऱ्याचं भिंग आतल्या आतच हलतं. तो पाण्यात १५ मीटरपर्यंत आणि उणे १० अंशांपर्यंत चालेल असा बनवलेला आहे, पण झूम फक्त चार पट. बाजूला उभ्या राहणाऱ्या आईला मी झूमवालाच सुचवीन. जुना चालेल, फक्त बॅटरी नवी घ्या. भिंगावर कण बसले तर तोंडाने फुंकू नका, वाफ गोठते. मऊ ब्रश ठेवा.

उतारावर इतरांची मुलं असतात, इतर घरच्या बायका असतात, स्लेज ओढणारे गरीब लोक असतात. जवळून टिपायचं असेल तर विचारावं. आपल्याच घरच्या मुलींचे फोटोही नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांची इजाजत घ्यावी. पडल्याचा व्हिडिओ तर नक्कीच. पोरगी घरात हसेल, पण शाळेत तिला कुणी चिडवलेलं चालेल का?

संध्याकाळी परतताना घाई करू नका. बाहेरचा गार कॅमेरा एकदम उबदार खोलीत आला की थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून सुटतो तसा त्याला घाम सुटतो, आतल्या भागांनासुद्धा. तेव्हा बाहेर असतानाच कार्ड आणि बॅटरी काढून घ्या, कॅमेरा झिपच्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बंद करा आणि खोलीत आल्यावर दोनेक तास पिशवी उघडू नका. बाहेरून सुटणारं पाणी पिशवीवर राहतं. कार्ड तुमच्या हातात आहेच. तोवर कहवा मागवा आणि मुलाला त्याचे गुडघे दाखवा.