पाहुणा पदार्थ घरचा कसा होतो?



साबुदाण्याची खिचडी कुणाची? "आपली!" असं तुम्ही एका सुरात ओरडाल. आता तिच्यातली एकेक वस्तू बाजूला काढू या. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून. तो कंद, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा ही चौकडी मूळची अमेरिका खंडातली, समुद्रावरून इकडे आलेली. मग उरलं काय? तूप, जिरं आणि मीठ! तरीही खिचडी आपलीच, कारण ती करायची रीत आपल्या आज्या-पणज्यांनी बसवली.

थायलंडमधल्या एका पदार्थाची गोष्टही अशीच आहे. हॉटेलच्या पाटीवर त्याला 'पॅड थाई' म्हणतात. पहिला शब्द थाई भाषेतला, अर्थ 'परतणं'. म्हणजे थाई पद्धतीने परतलेल्या तांदळाच्या नूडल्स. गंमत अशी, की नूडल्स आणि त्या कढईत परतायची रीत, दोन्ही तिथे चिनी लोकांबरोबर आल्या.

या देशाचं जुनं नाव सयाम. पंतप्रधान फिबुन यांच्या काळात, १९३९ साली, ते बदलून थायलंड झालं. सगळ्यांनी एक राष्ट्र म्हणून राहावं, म्हणून कपडे कसे घालावेत, कसं वागावं, याचे हुकूमसुद्धा निघाले. पुढे महायुद्ध आलं, १९४२ साली बँकॉकमध्ये महापूर आला. तेव्हा फिबुन यांनी लोकांना नूडल्स खाण्याचं आवाहन केलं. हेच सरकार चिनी लोकांच्या धंद्यांवर मात्र बंधनं घालत होतं! माणसं परकी, पण त्यांचा पदार्थ हवासा. हे बरोबर झालं का? तुम्हीच विचार करा.

थाई लोकांनी त्यात चिंच, ताडगूळ आणि माशांचा खारट रस घातला, वरून शेंगदाणे पेरले आणि चव त्यांची झाली. आज जगभर थायलंडची ओळख म्हणून हा पदार्थ मिरवतो.

चला तर मग, करू या! गॅसजवळ आई, बाबा किंवा ताई-दादा हवेतच, बरं का. आणि कुणाला शेंगदाण्यांची अ‍ॅलर्जी असेल, तर ते वगळा.

दोघा-तिघांसाठी साहित्य: तांदळाच्या चपट्या नूडल्स १५० ग्रॅम, चिंचेचा दाट कोळ २ मोठे चमचे, किसलेला गूळ २ मोठे चमचे, सोया सॉस २ मोठे चमचे, ४ लसूणपाकळ्या, १ कांदा, टोफू किंवा पनीरचे तुकडे, चालत असतील तर २ अंडी, मोड आलेले मूग १ वाटी, कांद्याची पात, तेल, भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट, तिखट आणि लिंबू.

थाई लोकही मुगाचेच मोड घालतात, फक्त ते बोटभर लांब वाढवतात. आपले मूग टणक असतात, म्हणून ते जरा वाफवून घ्या.

नूडल्स कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा. उकळायच्या नाहीत! साबुदाण्यात पाणी जास्त झालं की खिचडीचा गोळा होतो ना, तसंच इथेही. नूडल वाकली पाहिजे, पण दाताखाली जराशी कडक लागली पाहिजे. मग पाणी निथळून टाका. कोळ, गूळ आणि सोया सॉस एका वाटीत कालवा.

आता कढई चांगली तापवा. थोड्या तेलावर लसूण, कांदा आणि पनीर परता. नूडल्स टाका, वाटीतला रस घाला आणि दोन-तीन मिनिटं हलवत राहा. फारच कोरडं वाटलं, तर पाण्याचा हबका मारा. नूडल्स कडेला सारून मध्ये अंडी फोडा, ती जमली की सगळं एकत्र करा. शेवटी मूग आणि पात घालून गॅस बंद करा. एका वेळी निम्म्याच नूडल्स परता. कढई गच्च भरली, तर ती थंड पडते आणि नूडल्स परतल्या न जाता वाफेवर चिकट होतात. ताटात वाढल्यावर कूट, तिखट आणि लिंबाची फोड द्या. थायलंडमध्ये तर साखर, तिखट, मिरचीचा व्हिनेगर आणि माशांचा रस टेबलावरच मांडलेले असतात. ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यावं!

पनीर आणि सोया सॉस घातल्यावर हा पदार्थ बँकॉकसारखा हुबेहूब लागणार नाही. न लागेना का! पदार्थ नव्या घरी गेला की थोडा बदलतोच.

या आठवड्याचं काम: घरातल्या आवडत्या पदार्थातली एकेक वस्तू मुळात कुठली, ते शोधून वहीत लिहा. आजीला विचारा, पुस्तकात बघा. मग पुढच्या वेळी कुणाच्या डब्यातलं बघून "शी, हे काय आणलंस?" असं म्हणण्याआधी ती यादी आठवा. आणि नाक मुरडण्याऐवजी एक घास मागून घ्या!