घमेलं कोणाच्या डोक्यावर?

आपल्या समाजात सून नोकरीला गेली तर आता कोणी नाक मुरडत नाही. स्कूटर चालवली तर चालते. दुकानाच्या गल्ल्यावर बसली तर "हुशार आहे हो" म्हणतात. पण त्याच सुनेने पदर खोचून रेतीचं घमेलं उचललं, की मंदिरजीच्या पायरीपासून किराणा दुकानापर्यंत एकच चर्चा. "काऊन बाई, एवढी तंगी आली का त्यायले?" मला या चर्चेबद्दल बोलायचं आहे, आणि जरा कडकच बोलायचं आहे. ज्यांना लागेल त्यांनी लावून घ्यावं.

निमित्त आमच्या पांढुर्ण्यातल्या एका तरुण जोडप्याचं. नावं सांगत नाही, नावाशिवायही त्यांची चर्चा पुरेशी झाली आहे. तो दुकान सांभाळतो. ती सौंसरची लेक, बी.कॉम. झालेली. पदरी पाच वर्षांची मुलगी. घर आजोबांच्या वेळचं. हातभर जाड मातीच्या भिंती, सागवानी मयाली, वर कवेलू. ठेकेदार आला, एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पाडून टाका, स्लॅब टाकून देतो." आकडा ऐकल्यावर दोघं रात्रभर हिशोब करत बसले. मुलगी कॉलेजात जाईपर्यंत हप्ते फेडायचे आणि तोवर घरात हसायचं कधी? त्यांनी ठरवलं, घर पाडायचं नाही. जेवढं आपल्या हाताने होईल तेवढं आपणच करायचं. संक्रांत झाली की सुरुवात आणि चातुर्मास लागायच्या आत शेवट.

आणि त्यांनी केलं. कवेलू उतरवून फुटके वेगळे काढले, बाकीचे धुऊन पुन्हा बसवले. भिंतीचे पोपडे खरवडले. दारांवरचे रंगाचे थर काढले तर आतून असं सागवान निघालं, की आज तसं विकत घ्यायचं म्हटलं तर छाती दडपावी. एक भिंत पोटातून फुगली होती. तिथे त्यांनी हात घातला नाही, जुन्या मिस्त्रीला बोलावलं. विजेचं कामही जाणकाराकडूनच करून घेतलं. मिस्त्रीने भिंत तर केलीच, शिवाय ओळंबा कसा धरायचा, गुण्या कसा लावायचा, थापी कशी फिरवायची ते शिकवलं. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा का लावू नये, हेही त्यानेच सांगितलं. सिमेंट ओल आत कोंडतं, भिंत आतून भुसभुशीत होते आणि दोन पावसाळ्यांत गिलावा पापडासारखा सुटतो. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आपल्या आज्यांना हे पाठ होतं. आपण मोठ्या खर्चाने विसरलो.

आता आक्षेपांकडे येते.

पहिला आक्षेप धर्माचा, कारण तो सगळ्यात सोयीचा. "तोडफोडीत किती जीवहिंसा! श्रावकाने आपल्या हाताने असला आरंभ कशाला करावा?" वा! म्हणजे तोच आरंभ ठेकेदाराच्या हातून केला की आपण निर्मळ? बायांनो, आपल्या हातातल्या जपमाळेला १०८ मणी का, हे आपण मुलांना शिकवतो ना? संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. गुणाकार करा, १०८ होतात. यातलं 'कारित' म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेतलेलं, आणि 'अनुमोदना' म्हणजे बाजूला उभं राहून मान डोलावलेलं. पैसे देऊन करवलं म्हणून खातं कोरं राहत नाही. उलट स्वतःच्या हाताने करणाऱ्याला दिसतं तरी, की कवेलूखाली पाल आहे, कोनाड्यात मुंग्यांची रांग आहे. ती पोरगी मऊ झाडूने एकेक जीव बाजूला सारत होती, पाणी गाळून घेत होती. घाईतला ठेकेदार हे करणार आहे का? हिंसेचं मूळ प्रमादात आहे आणि उपाय यत्नाचारात आहे, असं आपण प्रवचनात ऐकतो. यत्नाचार करायचा तर जागेवर हजर असावं लागतं. बिल चुकतं करून तो होत नाही.

आणि त्या १०८ मध्ये 'मान' नावाचा एक कषाय आहे, तोही विसरू नका. या सगळ्या चर्चेचं खरं मूळ तिथे आहे.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. "आपण व्यापारी माणसं. हे आपलं काम नाही." मग आपलं काम कोणतं? भगवान आदिनाथांनी माणसाला जगण्याची सहा कामं शिकवली असं आपण मानतो. असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. त्यांनी वाणिज्य वर ठेवून शिल्प खाली ढकललं नव्हतं. ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक शिकवताना या मुली आहेत म्हणून हात आखडता घेतला नव्हता. सहातली आपल्याला मानवतील ती दोन कामं आपण ठेवली आणि बाकीची 'दुसऱ्यांची' करून टाकली. हे आपलं गणित आहे, धर्माचं नाही.

शिवाय हाताच्या कामाची लाज आपल्याला सरसकट नाहीच. महाराजांचा आहार असतो तेव्हा चौक्यात काय होतं? चांगल्या चांगल्या घरच्या बायका पहाटे उठून स्वतः पाणी भरतात, गाळतात, स्वतःच्या हाताने पीठ दळतात. नोकराचा हात लागलेलं तिथे चालत नाही. मुक्तागिरीच्या पायऱ्या आपण डोलीत न बसता चढलो, हे अभिमानाने सांगतो. म्हणजे श्रमात पावित्र्य आहे हे आपल्याला कळतं. मग ज्या हातांनी जातं फिरवलेलं चालतं, त्याच हातांनी चुना कालवला तर ते हात हलके कसे झाले?

आणि आपल्या गावाने तर लाजेच्या गोष्टी बोलूच नयेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड भिरकावतात, डोकी फुटतात, आणि त्याला आपण परंपरा म्हणून सांभाळतो. माणसाच्या अंगावर फेकायला दगड उचललेला चालतो. घराला लावायला सुनेने वीट उचलली की मात्र गावाची मान खाली जाते!

तिसरा आक्षेप फार दयाळू आहे. "तुम्हीच सगळं केलं तर गरीब मजुरांनी खायचं काय?" हे ऐकलं की मला हसू येतं. ज्या घरांत मिस्त्रीची दिवसाची मजुरी ठरवताना वीस-वीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस होते, ज्यांच्या घरी मजुराला चहा वेगळ्या कपात मिळतो, त्याच घरांतून ही दया येते. या जोडप्याने मिस्त्रीला बोलावलं, मागितली ती मजुरी दिली, शिवाय त्याला गुरू मानलं. त्याच्या मजुरीत खोट आली नाही. आली असेल तर ठेकेदाराच्या नफ्यात.

आणि मजुरांचा एवढा विचार करताच आहात तर रेजाकडे पाहा. आपल्या प्रत्येक नव्या घरावर दहा विटांची चळत डोक्यावर घेऊन शिडी चढणारी ती बाई. तिचं लेकरू रेतीच्या ढिगावर झोपलेलं असतं. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला, तरी तिच्या हातावर पुरुषापेक्षा कमी पैसे ठेवताना आपला हात थरथरत नाही. तिच्या डोक्यावर घमेलं बघून आजवर कोणी "अरेरे, बाईमाणूस!" म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणजे बाईने ओझं वाहण्याचं आपल्याला दुःख नाही. दुःख फक्त 'आपल्या' बाईने वाहण्याचं आहे. याला दया म्हणत नाहीत, यालाच मान कषाय म्हणतात.

चौथा आक्षेप : "हे बाईचं काम नव्हे." माझ्या पिढीच्या बायकांनी तरी हे तोंडातून काढू नये. आपल्या आया-आज्या काय करत होत्या? दिवाळीच्या आधी भिंती पोतारायच्या, ओटे लिंपायचे, जमीन सारवायची, चुलीला दर आठवड्याला नवी माती लावायची. घर बांधलं पुरुषाने असेल, पण वर्षानुवर्षं उभं ठेवलं बाईने. कुठे ओल येते, कुठली भिंत तडकते, हे तिला डोळे मिटून सांगता येत होतं. सिमेंट आलं आणि घराची विद्या बाईच्या हातून निसटून ठेकेदाराकडे गेली. आता ओटा किती उंच हवा हेसुद्धा, ज्याने आयुष्यात पोळी लाटली नाही, असा माणूस ठरवतो. मग पुढची वीस वर्षं कंबर आपली दुखते.

लांब कशाला जाता? नागपूरच्या पुढे सेवाग्रामला जाऊन या. गांधीजी १९३६ साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या सेगावला, राहायला गेले. आज आपण जिला बापूकुटी म्हणून नमस्कार करतो, ती कुटी मुळात मीराबेनने स्वतःसाठी उभारली होती. माती, बांबू, कवेलू, सगळं आसपासचं. आतल्या मातीच्या भिंतींवरची ताडाची झाडं आणि चरखा तिच्या हातचा. ही बाई इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी. तिची प्रतिष्ठा मातीने मळली नाही. आपली मात्र धुळीने मळते!

आपल्या आसपासच्या खेड्यांतही पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेत मैदानी भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं बांधायचं असतं. त्यात ठेकेदार नाही, घर कुटुंबाने स्वतः उभं करायचं असा नियमच आहे. आणि ते घर शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावावर करायचं असंही त्यात आहे. गरिबाच्या घरासाठी सरकारला जे कळलं, ते आपल्या शिकल्यासवरल्या घरांना अजून कळलेलं नाही. कारण या पांढुर्ण्याच्या घराच्या कागदावर आजही फक्त सासऱ्यांचं नाव आहे. सून तिथे पाच महिने राबली, माहेरच्या दोन बांगड्या मोडून फरशी आणली. त्याची नोंद कुठे? हिंदू उत्तराधिकार कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. १९५६ पासून बाईच्या नावावर असलेली मालमत्ता पूर्णपणे तिची. पण नाव असेल तर! भिंतीत जिरलेल्या घामाला कायदा ओळखत नाही. म्हणून ज्या सासू-सासऱ्यांना सुनेच्या कष्टाचं कौतुक आहे, त्यांनी शेजारणीला सांगत बसण्यापेक्षा कागदावर तिचं नाव घालावं.

आता जी तरुण घरं हे करू बघत असतील त्यांना चार शब्द. हौस आणि आंधळं धाडस यात फरक आहे. ज्या भिंतीवर मयाली टेकल्या आहेत तिला जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय हात लावू नका. वीज तर नाहीच नाही. चुनकळी पाण्यात टाकली की पाणी उकळतं, तेव्हा डोळ्यांना चष्मा आणि हाताला मोजे हवेत, आणि मूल दूर हवं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून घरभर उडवू नका. ओला करून खरवडा. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर फोडू नका. त्यात अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही.

आणि मुलांनो, खास तुम्हाला. 'आम्ही दोघांनी घर केलं' असं सांगायची हौस असेल, तर दिवसभर दोघांनी गिलावा करून रात्रीआधीचा स्वयंपाक एकटीने करायचा, ही पद्धत बंद करा. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवायचं, म्हणजे ती चार वाजताच थापी ठेवून चुलीकडे धावते आणि तुम्ही 'उरलेलं काम मी संपवलं' म्हणून छाती फुगवता. थापी तिच्या हातात आली, तर पोळपाट तुमच्या हातात आला पाहिजे. नाही तर हे घर दोघांचं नाही, दुप्पट कष्टाचं आहे.

चर्चा करणाऱ्या माझ्या भगिनींना एकच सांगणं. दशलक्षणात आपण उत्तम मार्दव धर्माची पूजा करतो. मार्दव म्हणजे मान सोडणं. तो दिवस वर्षातून एकदा येतो, पण घराला ओल दर पावसाळ्यात येते. पुढच्या वेळी कोणाच्या सुनेच्या डोक्यावर घमेलं दिसलं तर "तंगी आहे का" विचारू नका. विचारायचंच असेल तर विचारा, "चुना किती दिवस भिजवला?" आणि वेळ असेल तर घमेल्याला दुसरीकडून हात लावा.